वाटणीला आलेल्या खुर्च्या

कुरुंदवाडच्या घराची वाटणी झाली तेव्हा आमच्या वाटणीला दोन गोष्टी आल्या. सासू आणि पुरात भिजलेलं फर्निचर. दोन्ही एकाच टेंपोतून कोल्हापुरात राजारामपुरीला आलं.

वाटणी म्हणजे तरी काय, थोरले दीर बोलत गेले आणि माझा नवरा मान हलवत गेला. सासरे पुराच्या आदल्या वर्षी गेले होते. दिरांचं खताचं दुकान, शेत, घर सगळं कुरुंदवाडात. नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आणि मी शाळेत चित्रकला शिकवते. तुम्हाला पगार हाय, आम्हाला न्हाय, एवढ्यावर दिरांनी विषय मिटवला. पुरानंतर जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं होतं आणि नव्या घराच्या नकाशात आत्तींची खोली नव्हती. आत्ती म्हणजे माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात.

"आईला आता डॉक्टर जवळ लागतोय," दीर म्हणाले. "तुमच्या राजारामपुरीत गल्लीगल्लीला दवाखानं हायत. तिकडंच बरं पडंल तिला."

आत्ती तिथंच बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

फर्निचर मी मागून घेतलं. ते गोठ्यात टाकलेलं होतं, वर शेणाच्या पाट्या. मी विचारलं तशी जाऊ हसली. "न्ह्या की. न्हायतर बंबात घालणार हुतो." टेंपो भरून झाल्यावर तिनं हात झटकले आणि आत्तींच्या देखत म्हणाली, "बरं झालं, जुनं सगळं एकदमच गेलं." दीर फोनवर बोलत मागच्या अंगणात होते. आत्ती ड्रायव्हरशेजारी चढल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि कोल्हापूर येईस्तोवर त्या ड्रायव्हरला थोरल्याच्या दुकानाचं कौतुक सांगत राहिल्या.

त्या फर्निचरची गोष्ट अशी. सासरे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. नोकरीच्या सुरुवातीला कुठल्याशा धरणावरच्या विश्रामगृहात त्यांनी साहेबलोकांच्या खुर्च्या पाहिल्या, कागदावर काढून आणल्या आणि गावातल्या सुताराकडून सागवानात तशाच करून घेतल्या. दोन हाताच्या खुर्च्या, तिघं बसतील असा लांब बाक, सरकत्या दारांचं बुटकं कपाट. सगळ्यांचे पाय बारीक, खाली निमुळते होत गेलेले आणि थोडे बाहेर फाकलेले. कुठं मोर नाही, कमळ नाही. बैठक आणि पाठ वेताच्या जाळीची. लग्न होऊन आले तेव्हाच ते माझ्या डोळ्यात भरलं होतं. आत्तींना मात्र ते कधीच आवडलं नाही. त्यांना मखमलीचा, कोरीव पाठीचा सोफा हवा होता. "काटकुळ्या पायाचं दरिद्री सामान," असं त्या म्हणायच्या.

फोनवर बैठकीच्या खोल्यांचे फोटो बघायचा मला नाद होता. त्यातल्या मला आवडणाऱ्या खोल्यांखाली बहुतेक वेळा एकच नाव असायचं, मिड-सेंच्युरी मॉडर्न. म्हणजे गेल्या शतकाच्या मधल्या काळातली धाटणी. सरळ रेषा, उघडं लाकूड, जमिनीपासून उचललेलं हलकं फर्निचर, एखादाच ठसठशीत रंग. आपल्याकडच्या जुन्या बँकांत, सरकारी क्वार्टरांत, दवाखान्यांत असायचं ना, त्याच घराण्यातलं. पुण्याच्या दुकानांत त्या धाटणीच्या नव्या खुर्च्या मिळतात, पण त्यांच्या किमती बघितल्या की मी फोन बाजूला ठेवायची. आमच्या फ्लॅटचे हप्ते चालू होते. जे करायचं ते हातानं आणि स्वस्तात.

पुराचं पाणी लाकडात बसलेलं होतं. पॉलिश पांढरं पडून सुटलं होतं, वेत कुजला होता, कपाटाच्या खणांत गाळ सुकून त्याच्या वड्या झाल्या होत्या. आम्ही सगळं गच्चीवर नेऊन सावलीत वाळवलं. मग दर रविवारी नवरा गुडघ्यांवर बसून पॉलिश पेपर घासायचा. मी गाळ खरवडायची. लाकूड खालून असं तांबूस निघत होतं की मला शाळेतही तेच दिसायचं. लाखेचं पॉलिश आम्ही चिंध्यांच्या बोळ्यांनी दिलं, हातावर हात देत, एक थर वाळला की दुसरा.

वेत विणायला माणूस बघितला तर त्यानं सांगितलेली मजुरी आम्हाला झेपणारी नव्हती. नवरा म्हणाला, मी विणतो. त्यानं फोनवर व्हिडिओ बघितले, वेताच्या पट्ट्या आणल्या आणि बाथरूममध्ये बादलीत भिजत घातल्या.

"अंघुळीला पानी न्हाय आणि हितं काठ्या भिजवायल्यात," आत्ती म्हणाल्या.

पहिली बैठक त्यानं तीनदा उसवली. बोटं चिरली, चिकटपट्ट्या लावून पुन्हा बसला. माझा नवरा असा काही मनावर घेणारा माणूस नाही. लहानपणापासून थोरल्याचे उतरलेले कपडे, थोरल्याची जुनी सायकल आणि थोरल्याचं उदाहरण, यांवर तो वाढला आहे. पण ती जाळी जमली त्या दिवशी त्यानं बोटानं ती टणटण वाजवून बघितली आणि खुर्ची उचलून थेट आईपुढं नेऊन ठेवली.

आत्तींनी चष्मा लावून बघितलं. हात फिरवला.

"थोरल्यानं एका दिसात केली असती," त्या म्हणाल्या.

नवरा हसला आणि दुसरी खुर्ची घ्यायला गच्चीवर गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात लावली, त्याहून जास्त काही केलं नाही.

उरलेली खोली मी जमवली. इचलकरंजीला कापड किलोवर मिळतं. तिथून मोहरीच्या रंगाचं आणि शेवाळी असं जाड सुती कापड आणून उशा शिवल्या. एक फोटो स्टुडिओ बंद पडला होता, त्यातला तीन पायांचा लाकडी स्टँड भंगारवाल्याकडं मिळाला. त्याचा दिवा केला. भिंती पांढऱ्या, एकच भिंत विटकरी. खिडकीशी दोन खुर्च्या, समोर बाक, बाजूला कपाट, मध्ये मोकळी जागा. खालच्या मजल्यावरच्या क्लासची पोरं सुटली की होणारा गलका, रिक्षांचे हॉर्न, सगळं तसंच होतं, पण खोलीत आलं की श्वास लांब व्हायचा. नवरा कामावरून आला की बूट काढून आधी खुर्चीत बसायला लागला. एकदा म्हणाला, "आबा असंच बसायचे. एक पाय खुर्चीच्या हातावर टाकून." वडलांबद्दल तो कधी बोलत नसे.

आत्ती मात्र येईल त्याला सांगायच्या, "बसा. दवाखान्यात बसल्यागत वाटंल, पर बसा."

माझी एक जुनी विद्यार्थिनी घरांचे फोटो काढते. ती सहज आली होती, तिला खोली फार आवडली. तिनं फोटो काढून इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकले. ते इतके पसरले की शाळेत शिपायानंसुद्धा मला दाखवले. आणि मग वाटणीनंतर पहिल्यांदाच जावेचा फोन आला.

"आमचं फर्निचर लई भारी केलाईसा की," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आमचं?"

"मग काय, आबांचंच न्हवं ते?"

नंतर नवऱ्याला दिरांचा फोन. पन्हाळ्याला त्यांनी जागा घेतली होती, पर्यटकांसाठी होमस्टे बांधत आणला होता. मुंबई-पुण्याच्या लोकांना जुना लूक लागतोय, ते म्हणाले. आबांची आठवण हाय ती, थोरल्याच्या घरात शोभंल. तुला मी नवा सोफा घेऊन देतो. नवरा "हं, हं" करत राहिला. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंत?"

"काही नाही. बघू म्हटलं."

बघू म्हटलं म्हणजे दिरांच्या लेखी हो झालं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

एका रविवारी सकाळी ते आलेच. खाली टेंपो, त्यामागं त्यांची गाडी, टेंपोबरोबर दोन हमाल. दीर बाकावर बसले, चहा घेतला, बिस्किट बुडवून खाल्लं. जाऊ उभ्या उभ्याच खोली बघत होती, उशा उचलून उलट्या करून शिवण बघत होती.

मी म्हटलं, "भावजी, हे तुम्ही बंबात घालणार होता. आम्ही माणसात आणलं. आता हे आमचं आहे."

ते माझ्याशी बोललेच नाहीत. भावाकडं वळून म्हणाले, "भांडायला आलो न्हाय मी. आईच सांगू दे. आई, कुणाचं हाय गं हे?"

आत्ती खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. त्या दिवशी त्या इरकलीतलं चांगलं लुगडं नेसल्या होत्या, मला त्याचा अर्थ अजून लागला नव्हता.

"थोरल्याचं," त्या म्हणाल्या.

"आई," नवरा म्हणाला, "मी हातानं विणलंय ते."

"विणायला कुणी सांगिटलं हुतं तुला?"

त्या हे रागानं बोलल्या नाहीत. भाजीत मीठ कमी आहे, असं सांगावं तसं बोलल्या. नवऱ्यानं त्यांच्याकडं बघितलं, मग आपल्या बोटांकडं. मग तो उठला आणि हमालांना म्हणाला, "कपाट आधी घ्या. दारं काढून घ्या, नाहीतर जिन्यात अडकंल." आणि स्वतः कपाटाची दारं काढायला बसला. मी त्याला दंडाला धरलं. त्यानं माझा हात सोडवून बाजूला केला.

कपाट गेलं, बाक गेला, एक खुर्ची गेली. दिव्याचा स्टँड आम्ही विकत घेतलेला होता, त्याचा आबांशी काही संबंध नव्हता. जावेनं तोही उचलला. "सेट हाय न्हवं," ती म्हणाली. उशाही गोळा केल्या. शेवटी हमाल आत्तींपुढं येऊन उभे राहिले.

"आज्जी, उठा की जरा."

आत्ती उठल्या. खुर्ची गेली. आणि मग त्या आपल्या खोलीत गेल्या आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या. कुरुंदवाडहून आणलेली तीच पिशवी, तोंड सुतळीनं बांधलेली. पायात चपला घातलेल्या.

दीर दारात होते. "तू कुठं?"

"येतो की तुमच्यासंगं."

"अगं, पन्हाळ्याला काय वारं असतंय. तुला सोसायचं न्हाय."

"मग कुरुंदवाडला सोड."

दिरांनी जावेकडं बघितलं. जाऊ म्हणाली, "गाडीत मागं उशा आणि दिवा ठिवलाय, आत्ती. टेंपोत घातलं तर खराब हुतंय. जागा कुठं हाय?"

"मांडीव घेतो की."

"पुढल्या बारीला न्हेतो तुला," दीर म्हणाले आणि वाकून पाया पडले. त्यांनी दार ओढून घेतलं तेव्हा आत्तींनी आशीर्वादाला उचललेला हात अजून वरच होता.

आम्ही तिघं रिकाम्या खोलीत उभे होतो. खुर्च्यांच्या पायांचे ठसे फरशीवर होते, तिथली धूळ वेगळी दिसत होती. आत्ती गॅलरीत जाऊन गाडी वळेपर्यंत बघत राहिल्या. परत आल्या, बसायला काही नव्हतं, म्हणून भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. पिशवी शेजारी.

मला वाटलं, आता रडतील. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुझ्यामुळं झालं हे. येवढं चकाचक केलं नसतंस तर त्यानं न्हेलं असतं व्हय?"

मी म्हटलं, "खरं आहे, आत्ती. तुम्हालाही पॉलिश करून ठेवायला पाहिजे होतं. मग तुम्हालाही नेलं असतं."

आत्तींची मान हळूहळू खाली गेली. आजही मला त्या वाक्याचं वाईट वाटत नाही. नवऱ्यानं मात्र ते ऐकलं होतं. खुर्च्या नेणाऱ्या भावाशी तो दुसऱ्या दिवशीही फोनवर नीट बोलला, माझ्याशी कितीतरी दिवस बोलला नाही. डबा घ्यायचा, ताट घ्यायचं, आईला औषध द्यायचं आणि झोपायचं.

पन्हाळ्याच्या होमस्टेच्या उद्घाटनाचं आमंत्रण फोनवर आलं, सगळ्यांना धाडलेलं तेच. नवरा म्हणाला, मला सुट्टी नाही. आत्ती सकाळपासून तयार होत्या. शेवटी मीच त्यांना एसटीनं घेऊन गेले. घाटात त्यांना मळमळलं, तरी त्या खुशीत होत्या.

होमस्टे खरंच चांगला होता. मोठ्या काचांतून खाली दरी दिसत होती आणि त्या काचांपुढं आमची खोली मांडलेली होती, जशीच्या तशी. बाकाच्या समोर त्याच अंतरावर खुर्च्या, उजवीकडं कपाट, कोपऱ्यात दिवा, मोहरीच्या उशा. भिंतसुद्धा विटकरी केली होती. फोटोवरून लावली असणार. कपाटावर सासऱ्यांचा हार घातलेला फोटो होता. जाऊ पाहुण्यांना सांगत होती, "आमच्या सासऱ्यांनी सोता डिझाइन केलेलं. पुरात गेलं हुतं. आम्ही मागं लागून सगळं रिस्टोअर करून घेतलं." एका बाईनं विचारलं, वेत कुणी विणला. "आमचा एक माणूस हाय कोल्हापुरात," जाऊ म्हणाली. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. तिनं मला बघितलं होतं.

आत्ती सरळ गेल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. थोरला कुठं दिसतोय ते बघू लागल्या.

जाऊ लगबगीनं आली. आवाज खाली आणून म्हणाली, "आत्ती, हितं फोटो काढायचं चाललंय. पावणं बसणार हायत. तुम्ही आत बसा, आत सावली हाय."

आतमध्ये म्हणजे स्वयंपाकघराच्या मागं, गॅसच्या टाक्यांजवळ. तिथं प्लॅस्टिकची लाल खुर्ची टाकलेली होती. आत्ती तिथं बसल्या. त्यांना ताट तिथंच आणून दिलं, पुरणाची पोळी, आमटी, भात. त्यांनी सगळं खाल्लं. दीर एकदा आले. "आई, जेवलीस न्हवं?" म्हणाले आणि त्या हो म्हणेपर्यंत परत गेले.

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. आपल्या हातानं दिलंत ना, आता बघा, असं वाटलं. मी त्यांच्या शेजारी उभी राहून पाणी देत होते आणि मला आतून गार वाटत होतं.

परतीच्या एसटीत आत्तींशेजारी वारणेकडची एक अनोळखी बाई बसली होती. मी मागच्या बाकावर. तिनं विचारलं, कुठनं आला. आत्ती म्हणाल्या, "थोरल्याच्या बंगल्याची वास्तुशांत हुती. लई मोठा बंगला बांदलाय. ऱ्हा म्हणत हुता, पाय धरत हुता. मीच न्हाय म्हटलं. धाकट्याच्या बायकूला माझ्याबिगर जमत न्हाय. नोकरी करतीया, घरचं काय बी कळत न्हाय तिला."

"असं असतंय बगा," ती बाई म्हणाली आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

दिरांनी कबूल केलेला सोफा आला नाही. आम्ही कितीतरी दिवस सतरंजीवर बसलो. मग एकदा मी शाळेतून आले तर जिन्यात पुठ्ठे पडलेले. खोलीत रेक्झिनचा सोफा होता, चॉकलेटी, फुगीर, हातांना पितळी रंगाची फुलं ठोकलेली. अर्धी खोली त्यानंच भरली होती. विटकरी भिंत त्याच्या मागं झाकून गेली होती. नवऱ्यानं मला विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "हे काय आणलंत?"

तो हप्त्याचा कागद घडी करून खिशात ठेवत होता. "हे कुणी मागायला येणार नाही," तो म्हणाला.

आत्ती मध्यभागी बसल्या होत्या, पाय वर घेऊन. पहिल्यांदाच त्यांनी धाकट्याची स्तुती केली. "आता कसं, घरात बसल्यागत वाटतंय," त्या म्हणाल्या. नवऱ्यानं टीव्ही लावला.

तो सोफा अजून आहे. उन्हाळ्यात त्यावर बसलं की पाठीला चिकटतो. आत्ती आता फारशा उठत नाहीत, त्यावरच पडून असतात. त्यांचं सगळं मी करते. करताना आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोलतो. थोरल्यानं त्यांना अजून नेलेलं नाही आणि पुढल्या बारीचं नावही त्या काढत नाहीत.

मध्यंतरी शाळेतली एक सहकारी घरी आली होती. तिच्या आईची एक जुनी वेताची खुर्ची होती, बैठक फाटलेली. आमचे ते फोटो तिनं कधीतरी बघितले होते. नवरा समोर बसून शेंगा सोलत होता.

"तुम्ही छान विणता म्हणे," ती त्याला म्हणाली. "एवढी एक करून द्याल का?"

त्यानं शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले आणि वर न बघता म्हणाला, "मला येत नाही ते."